झाकली मूठ : लोइस वेबरचा ‘द ब्लॉट’ आणि पगारपत्रकात न सापडणारे घर

#थ्रेड

एक मध्यमवयीन बाई शेजारणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येते. समोर कोंबडी ठेवलेली आहे, आसपास कोणी दिसत नाही आणि घरात मुलगी आजारी आहे. बाई कोंबडी उचलते, पण मन खाऊ लागते आणि ती परत ठेवते. प्रसंग इतकाच. ना पाठलाग, ना आग, ना रेल्वेगाडी. तरीही १९२१ सालच्या अमेरिकेविषयी हा प्रसंग जे सांगतो, ते त्या काळच्या वेतनविषयक अहवालांत सहसा सापडत नाही.

चित्रपट ‘द ब्लॉट’, म्हणजे डाग. दिग्दर्शिका लोइस वेबर. कथेच्या लेखनात मॅरियन ऑर्थ यांचा सहभाग. (पुढे कथानक उघड होते, ज्यांना आधी चित्रपट पाहायचा असेल त्यांनी येथेच थांबावे.)

वेबरविषयी सामान्यतः दोन प्रकारे लिहिले जाते. पहिला प्रकार यादीचा : १८७९ साली पेनसिल्व्हेनियात जन्म, १९१४ साली ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ करून पूर्ण लांबीचा कथापट दिग्दर्शित करणारी पहिली अमेरिकन स्त्री, १९१७ साली स्वतःची निर्मितीसंस्था, आणि मग ‘काळाच्या ओघात विस्मरण’. दुसरा प्रकार शिक्का मारण्याचा : तरुणपणी धर्मप्रचाराचे काम केलेली बाई, म्हणून तिचे चित्रपटही प्रवचनी, जाझच्या जमान्यात प्रेक्षकांना कंटाळा आला आणि ती मागे पडली. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. चित्रपट पाहण्याची गरज दोघांनाही भासत नाही.

‘द ब्लॉट’ पाहिला की यादी अपुरी वाटते आणि शिक्का चुकीचा ठरतो.

प्राध्यापक ग्रिग्ज हे विद्वान, सज्जन आणि तुटपुंज्या पगारावर जगणारे गृहस्थ. वर्गात श्रीमंतांची मुले त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, टवाळी करतात. त्यांपैकी फिल वेस्ट हा महाविद्यालयाच्या सर्वांत धनाढ्य विश्वस्ताचा मुलगा. त्याचे मन प्राध्यापकांच्या मुलीवर, सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या अमेलियावर जडले आहे. तिच्यावर एका गरीब धर्मोपदेशकाचेही प्रेम आहे आणि शेजारच्या ओल्सन कुटुंबातील थोरल्या मुलाचेही. ओल्सन हे परदेशातून आलेले. घरधनी बूट बनवतो, नव्या फॅशनच्या उंच टाचांना मागणी आहे, घरात पैसा खेळतो आहे. कुंपणाच्या एका बाजूला पुस्तके आणि उपास, दुसऱ्या बाजूला भरलेले ताट.

फिलची भूमिका केली आहे लुई कॅल्हर्न यांनी. १९५३ च्या ‘ज्युलियस सीझर’मधला सीझर तो हाच, हे जाता जाता. अमेलिया झालेल्या क्लेअर विंडसर यांना पुढे आणण्याचे श्रेय वेबरचेच. मात्र चित्रपट खरा तोलला आहे तो मार्गारेट मॅकवेड यांनी. त्या ग्रिग्जबाई झाल्या आहेत.

वेबरचा कॅमेरा घरातल्या वस्तूंवर थांबतो. गालिच्याचा विरलेला भाग, खुर्चीचे फाटू लागलेले कापड, झिजलेले बूट. हे क्लोज-अप पुन्हा पुन्हा येतात. पाहुणा आला की ग्रिग्जबाईंची नजर आधी त्या फाटक्या जागेकडे जाते आणि मग पाहुण्याच्या नजरेकडे. तो पाहतो आहे का? त्याला दिसले का? या दोन नजरांच्या मधल्या क्षणात जे घडते, त्याला मराठीत नेमकी म्हण आहे : झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ झाकलेली ठेवणे हेच ग्रिग्जबाईंचे अहोरात्रीचे काम आहे.

ग्रिग्जांची मांजर शेजाऱ्यांच्या कचऱ्यात तोंड घालते. घरात माणसांनाच पुरत नाही तिथे मांजरीला काय मिळणार? शब्दांची एकही पाटी खर्च न करता दारिद्र्याची पातळी सांगण्याची ही रीत कोणत्याही प्रवचनात बसत नाही.

आणखी एक प्रसंग चहाचा. फिल घरी येतो. एवढ्या मोठ्या घरचा मुलगा रिकाम्या हाती कसा पाठवायचा? ग्रिग्जबाई परवडत नसतानाही खर्च करून चहाफराळाची नीट तयारी करतात. तबक घेऊन बाहेर येतात तो फिल निघून गेलेला आणि त्याच्या जागी गरीब धर्मोपदेशक बसलेला. ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा केला त्याला त्याची गरज नव्हती, आणि जो खाणार आहे त्याच्याकडून काही लाभ होण्याची शक्यता नाही. प्रसंग विनोदी आहे. क्रूरही आहे. बाईंना हसतमुख राहावे लागते.

आता या घराबाहेरचा काळ. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत अमेरिकेत महागाई प्रचंड वाढली. १९१५ ते १९२० या पाच वर्षांत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या किमती जवळजवळ दुप्पट झाल्या. कारखान्यांतील अनेक कामगारांच्या मजुरीत युद्धकाळात वाढ झाली. ठरावीक वार्षिक वेतनावर जगणारे प्राध्यापक, शाळामास्तर, धर्मोपदेशक मात्र जिथल्या तिथे राहिले. ही ओरड त्या वेळी इतकी मोठी होती की १९१९ च्या अखेरीस जॉन डी. रॉकफेलर यांनी महाविद्यालयीन शिक्षकांच्या वेतनवाढीसाठी ‘जनरल एज्युकेशन बोर्ड’कडे पाच कोटी डॉलर दिले.

वेबरने हा संदर्भ लपवला नाही. ‘लिटररी डायजेस्ट’ हे त्या काळचे लोकप्रिय साप्ताहिक. अध्यापकांच्या हलाखीविषयीचा त्यातला मजकूर चित्रपटात सरळ पडद्यावर येतो. फिल तो आपल्या बापापुढे ठेवतो. समाजाला शिकवणाऱ्यांना आणि धर्म सांगणाऱ्यांना उपाशी ठेवणे हा सुसंस्कृत म्हणवणाऱ्या देशावरचा डाग आहे, हे त्याचे म्हणणे. शीर्षक तिथून आले आहे.

चित्रीकरणही याच वृत्तीने झाले. महाविद्यालयाची दृश्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधील तेव्हाच्या दक्षिण शाखेत घेतली. तीच संस्था पुढे यूसीएलए झाली. घरांचे प्रसंग शक्य तितके खऱ्याखुऱ्या घरांत. स्टुडिओतील कागदी भिंतींपेक्षा राहत्या घराचा कोंदट उजेड तिला हवा होता.

येथे एक सावधगिरी हवी. चित्रपटाला काळाचा आरसा म्हणण्याची घाई इतिहासाच्या तरुण वाचकांना फार होते. ‘द ब्लॉट’ प्रदर्शित झाला तोवर वारे फिरले होते. १९२० च्या उत्तरार्धापासून अमेरिकेत मंदी आली, किमती घसरू लागल्या, कारखाने माणसे कमी करू लागले. किमती उतरत असताना ठरावीक वेतनाची किंमत उलट वाढते. म्हणजे प्राध्यापकांची स्थिती सुधारू लागलेली असताना आणि अनेक कामगारांची बिघडू लागलेली असताना हा चित्रपट पडद्यावर आला. तो १९२१ चे तापमान सांगत नाही; गेल्या चार-पाच वर्षांत साचलेला पांढरपेशा वर्गाचा सल सांगतो. साधन म्हणून त्याचे मोल यामुळे घटत नाही. फक्त ते कशाचे साधन आहे हे नीट ओळखावे लागते.

तो सल नेमका कुणाचा, हा खरा प्रश्न.

चित्रपटाचा घोषित विषय प्राध्यापकांचा पगार. पण प्राध्यापकमहाशय स्वतः त्या पगाराने फारसे व्याकुळ झालेले दिसत नाहीत. ते आपल्या पुस्तकांत आहेत. घरात काय उरले, कुणाचे देणे थकले, गालिचा कुठे फाटला, हे त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही, कारण ते पोहोचू नये याची व्यवस्था बायकोने केलेली आहे. पगार आणि संसार यांच्यात जे अंतर पडते ते ग्रिग्जबाई आपल्या श्रमाने, आपल्या भुकेने आणि आपल्या लाजेने भरून काढतात. त्या श्रमाची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. महाविद्यालयाच्या दफ्तरात ‘प्राध्यापक ग्रिग्ज, वार्षिक वेतन इतके’ अशी एक ओळ मिळेल. त्या ओळीत एक माणूस दिसतो. ती ओळ जगवणारे माणूस वेगळेच आहे.

म्हणून कोंबडीचा प्रसंग चित्रपटाच्या मध्यभागी येतो. अमेलिया आजारी पडते. डॉक्टर पौष्टिक आहार सांगतात. ग्रिग्जबाई उधारीवर कोंबडी आणायला जातात. उधारी मिळत नाही. आणि शेजारच्या खिडकीत ती दिसते.

अमेलिया आपल्या खिडकीतून आईला कोंबडी उचलताना पाहते आणि तोंड फिरवते. आई ती परत ठेवते, हे तिला दिसत नाही. पुढे फिलने पाठवलेली कोंबडी ताटात येते तेव्हा मुलीला वाटते की ही चोरीचीच. घास उतरत नाही. प्रेक्षकाला सगळे माहीत असते, आईला मुलीची शंका माहीत नसते आणि मुलीला आईचा पश्चात्ताप माहीत नसतो. दोघी एकाच खोलीत, एकाच ताटाशी, एकमेकींपासून कोसभर दूर. त्या काळी अनेक चित्रपट असा गैरसमज प्रेमिकांमध्ये पेरत. वेबरने तो आई आणि मुलीमध्ये पेरला, आणि गैरसमजाचे कारण पौष्टिक आहाराचा खर्च हे ठेवले.

गरिबी माणसाला चोर बनवते, असे सांगणारे चित्रपट पुष्कळ होते. येथे चोरी होतच नाही. चोरी न करताही अब्रू जाते, तीही पोटच्या मुलीच्या नजरेत, हे सांगणारे चित्रपट विरळा.

वेबरला मात्र सगळेच दिसत होते असे समजू नये. ओल्सन कुटुंबाकडे तिची नजर स्वच्छ नाही. बूट शिवणाऱ्याकडे पैसा येणे आणि ग्रंथ शिकवणाऱ्याकडे तो नसणे, हे चित्रपटाला निसर्गनियमाच्या विरुद्ध वाटते. युद्धानंतरच्या अमेरिकेत ‘मजूर आता रेशमी सदरे घालतात’ ही मध्यमवर्गीय कुरकुर सर्रास ऐकू येई. ओल्सनांच्या घरातील झगमगाट त्याच कुरकुरीतून आलेला आहे. ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी, १९ मे १९२१ रोजी, राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी देशोदेशींच्या स्थलांतरितांवर संख्येची मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याचा मुख्य रोख दक्षिण आणि पूर्व युरोपवर होता, ओल्सनसारख्या उत्तर युरोपीय आडनावांवर नव्हे. तरीही ‘परक्याची भरभराट’ ही कल्पना हवेत होती आणि चित्रपटाने ती हवा श्वासात घेतली. हाताने काम करणाऱ्याला चांगले अन्न मिळणे यात डाग कोणता, हा प्रश्न वेबर विचारत नाही. तो वाचकाने विचारावा.

आता त्याच वर्षांतले दुसरे घर पाहावे. सेसिल बी. डीमिल यांचे ‘डोन्ट चेंज युवर हसबंड’ (१९१९) आणि ‘व्हाय चेंज युवर वाइफ?’ (१९२०) हेही कौटुंबिक चित्रपटच. त्यांत ग्लोरिया स्वॉन्सन आहेत, झगे आहेत, पतीला पुन्हा जिंकण्यासाठी पोशाख बदलणारी पत्नी आहे. डीमिलचे घर म्हणजे दुकानाची काचेची खिडकी. त्यातील प्रत्येक वस्तू नवी आहे आणि प्रेक्षकाने ती विकत घ्यावी अशी मांडलेली आहे. वेबरच्या घरातली प्रत्येक वस्तू वापरून झिजलेली आहे. हॉलीवूडने पुढे कोणते घर निवडले, हे सर्वांना ठाऊक आहे. ही निवड केवळ प्रेक्षकांच्या आवडीने झाली, असे मात्र म्हणता येत नाही.

१९२० साली वेबरने फेमस प्लेयर्स-लास्की, म्हणजे पॅरामाउंट, या बलाढ्य कंपनीशी करार केला तेव्हा तिला प्रत्येक चित्रपटामागे ५० हजार डॉलर आणि नफ्यात वाटा मिळणार होता. कंटाळवाण्या बाईला कोणी असा करार देत नाही. तीन चित्रपटांनंतर कंपनीने हात काढून घेतला. ‘द ब्लॉट’ मग एफ. बी. वॉरन कॉर्पोरेशन या छोट्या वितरणसंस्थेमार्फत बाहेर पडला. छोट्या संस्थेकडे चित्रपट असतो, चित्रगृहे नसतात.

चित्रगृहे कुणाकडे होती? १९१९ पासून फेमस प्लेयर्स-लास्की देशभर चित्रगृहे विकत घेत सुटली होती. ३० ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कंपनीविरुद्ध मक्तेदारीची तक्रार दाखल केली. ‘द ब्लॉट’ प्रेक्षक शोधत होता तेच हे दिवस. निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन या तिन्ही कड्या एकाच हातात आल्या की स्वतंत्र निर्मात्याला पडदाच मिळत नाही, मग तो पुरुष असो वा स्त्री. स्त्री दिग्दर्शिका मुख्यतः अशाच छोट्या आणि मोकळ्या संस्थांमध्ये वाढलेल्या असल्याने घाव त्यांच्यावर अधिक खोल बसला. १९१०च्या दशकात अनेक स्त्रिया दिग्दर्शन करीत होत्या. १९३०च्या दशकात मोठ्या स्टुडिओंत डोरोथी आर्झनर जवळपास एकट्याच उरल्या. वेबरचा अखेरचा चित्रपट १९३४ चा. १९३९ साली तिचे निधन झाले.

तेव्हा ‘काळाच्या ओघात विस्मरण’ हा शब्दप्रयोग इतिहास लिहिणाऱ्यांनी जपून वापरावा. त्यात कर्ता नसतो. चित्रगृहे विकत घेणारे, करार मोडणारे, कर्ज नाकारणारे सगळे त्या ‘ओघात’ अलगद विरघळून जातात.

‘प्रवचनी’ या शिक्क्याविषयीही एक शब्द. १९१६ सालच्या ‘शूज’मध्ये पाच डॉलरच्या आठवडी पगारावर घर चालवणारी एक दुकानातील मुलगी आहे. तिच्या बुटांचे तळ फाटले आहेत, त्यात ती पुठ्ठा घालते. बाप घरी पुस्तके वाचत लोळतो. शेवटी एका बुटाच्या जोडासाठी ती शरीर देते. वेबर त्या मुलीला उपदेश करीत नाही. कॅमेरा तिच्या भिजलेल्या पुठ्ठ्यावर ठेवते. ज्यांना यात प्रवचन ऐकू येते त्यांनी मूकपट पाहताना फार ऐकू नये.

मात्र ‘व्हेअर आर माय चिल्ड्रन?’ (१९१६) याविषयी असा बचाव करता येत नाही. संततिनियमनाला पाठिंबा, गर्भपाताला विरोध आणि गरिबांनी कमी मुले जन्माला घालावीत हा सुप्रजननवादी सूर, अशी त्याची गुंतागुंत आहे. आजच्या पुरोगामी चौकटीत तिला बसवू पाहणाऱ्यांनी तो आधी पाहावा.

आणि हे सगळे पाहता येते हाही योगच. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १९१२ ते १९२९ या काळात तिथे सुमारे ११ हजार मूक कथापट निघाले; त्यांपैकी मूळ स्वरूपात संपूर्ण टिकलेले केवळ १४ टक्के. ‘द ब्लॉट’ही कित्येक दशके हरवलेलाच समजला जात होता. १९७०च्या दशकात त्याची प्रत सापडली आणि १९८०च्या दशकात केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. ‘शूज’चे पुनरुज्जीवन नेदरलँड्समधील चित्रपट संग्रहालयाने केले. वेतनाचे अहवाल ग्रंथालयांत सुखरूप राहिले. ग्रिग्जबाईंचा गालिचा मात्र थोडक्यात वाचला.

चित्रपटाच्या शेवटी विश्वस्त बापाचे मन वळते, प्राध्यापकांचे दिवस पालटणार असे दिसते, अमेलियाचा गैरसमज दूर होतो आणि फिल तिला मिळतो. येथे पडदा पडला असता तर सगळे गोड झाले असते. वेबर आणखी थोडी रेंगाळते. गरीब धर्मोपदेशक सर्वांचा निरोप घेतो आणि रस्त्याने एकटाच चालू लागतो. त्याच्यासाठी कोणत्याही विश्वस्ताचे मन वळलेले नाही. कॅमेरा त्याला जाताना पाहत राहतो.